चेहऱ्यावरून निदान, कुजबुजीवरून निकाल

मे २०२१ मध्ये ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेतील सहा प्रमुख कलावंत एका विशेष कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आले. मालिका संपून तेव्हा सतरा वर्षे लोटली होती. आपल्याकडील शहरी प्रेक्षकांची एक पिढी या मालिकेवर वाढलेली असल्याने येथेही त्या कार्यक्रमाचे अप्रूप होते. तो पाहून झाल्यावर मात्र चर्चा रंगली ती मॅथ्यू पेरी यांच्या थकलेल्या चेहऱ्याची आणि जड झालेल्या जिभेची. चँडलर बिंगचे सटासट सुटणारे टोमणे ज्यांच्या कानात होते, त्यांना हा ५१ वर्षांचा गृहस्थ ओळखीचा वाटेना. दातांवर तातडीचे उपचार झाल्याचे सांगण्यात आले. परंतु ‘पुन्हा नशेच्या आहारी गेला’ हा निकाल तोवर लागून गेला होता.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, पेरी यांचा मृत्यू झाला. केटामाइनचे तीव्र परिणाम हे त्याचे मुख्य कारण असल्याचे शवविच्छेदनात निष्पन्न झाले. कुजबुज करणाऱ्यांना आपलेच खरे ठरले असे वाटले असणार. ते खरोखरच खरे ठरले का?

लक्षण एक, कारणे निराळी

रॉबिन विल्यम्स यांचे उदाहरण येथे बोलके आहे. ऐन उमेदीत ते कोकेनच्या आहारी गेले होते. १९८२ मध्ये त्यांचे स्नेही, विनोदी नट जॉन बेलुशी यांचा अवघ्या ३३व्या वर्षी अमली पदार्थांमुळे मृत्यू झाला. त्या धक्क्यानंतर विल्यम्स कोकेनपासून दूर झाले. पुढे अनेक वर्षांनी मद्याने त्यांना पुन्हा गाठले आणि त्यावरही त्यांनी उपचार घेतले. २०१४ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी त्यांना संवाद आठवेनासे झाले, हात थरथरू लागला. त्या जुलैत ते व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाल्याचे कळताच तर्कवितर्कांना उधाण आले. ११ ऑगस्टला त्यांनी जीवनयात्रा संपवली. तपासणीत त्यांच्या शरीरात मद्य वा बेकायदा अमली पदार्थ आढळले नाहीत. मेंदूत आढळला तो लेवी बॉडी हा आजार, जो स्मृती, हालचाल आणि मन तिन्ही पोखरतो. हयातीत त्यांना पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले होते. खरा आजार डॉक्टरांनाही मृत्यूनंतरच उमगला. मग छायाचित्र पाहून निदान करणाऱ्यांची काय कथा?

विनोदी कलावंताच्या वाट्याला ही चिकित्सा अधिक येते, त्याला कारण आहे. चपळ शरीर, बोलका चेहरा आणि अचूक वेळ साधणारी जीभ हेच त्याचे भांडवल. वयाबरोबर तेच आधी झिजते. त्यातच जुन्या मालिका पुन:पुन्हा दाखवल्या जातात, त्यामुळे त्याचे तारुण्य प्रेक्षकांसमोर रोज ताजे राहते. प्रेक्षक त्याची तुलना त्याच्याच पंचविशीशी करतो आणि वार्धक्याचाही संशय घेतो.

कोण घेतो, कोण देतो?

पेरी यांनी स्वत: काहीही दडवले नव्हते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी लिहिले, की मालिकेच्या हंगामागणिक आपले वजन पाहिले तरी व्यसनाचा आलेख कळेल: अंग भरलेले दिसले तर मद्य, रोडावलेले दिसले तर गोळ्या. एका अपघातानंतर सुरू झालेल्या वेदनाशामक गोळ्या पुढे दिवसाला ५५पर्यंत गेल्या होत्या. म्हणजे तो ऱ्हास कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांदेखत घडत होता आणि हशाही पिकत होता.

मृत्यूनंतरच्या तपासाने वेगळेच चित्र पुढे आणले. केटामाइन हे मुळात भूल देण्याचे औषध असून, वैद्यकीय देखरेखीखाली ते नैराश्यावरही वापरले जाते. पेरी तसे उपचार घेत होते. परंतु त्याबाहेरही त्यांना ते मुबलक मिळत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन डॉक्टर आणि पेरी यांचा सहायक यांच्यासह पाच जणांवरील आरोप जाहीर झाले. पाचही जणांनी पुढे गुन्हा कबूल केला. सुमारे १२ डॉलरच्या कुपीसाठी पेरी यांच्याकडून २००० डॉलर उकळल्याचे सरकारी वकिलांनी सांगितले. वैद्यकीय प्रशिक्षण नसलेला सहायक घरीच इंजेक्शने टोचत होता. ‘हा मूर्ख किती पैसे मोजेल’ अशा आशयाचा संदेश धाडणाऱ्या डॉक्टरला डिसेंबर २०२५ मध्ये ३० महिन्यांचा तुरुंगवास झाला.

अफवेची मर्यादा नेमकी येथे दिसते. विल्यम्स यांच्याबाबत ती चुकली आणि एका आजाऱ्याच्या माथी व्यसनाचा शिक्का बसला. पेरी यांच्याबाबत तिचा रोख बरोबर होता असे मानले, तरी तिने त्यांचे काही भले केले नाही. ‘तो घेतो का?’ एवढेच ती विचारत राहिली. ‘त्याला आणून कोण देतो?’ हा प्रश्न त्यांच्या मृत्यूनंतरच विचारला गेला.