कारिटाची परीक्षा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की पायाच्या अंगठ्याने कारिट फोडायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. कोणी त्याला चिरांटेही म्हणतात. गेल्या दिवाळीत आईने आदल्या दिवशी माझ्या पुतण्याला कारिटे आणायला धाडले. पुतण्या विज्ञानाचा पदवीधर. जैवविविधता आणि निसर्गसंवर्धन या विषयात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला. तासाभराने रिकाम्या हाताने परतला.

"आजी, बाजारात नाही मिळालं."

"अरे, ते बाजारात कशाला मिळेल? बांधावर बघ."

"पण असतं कसं ते?"

आईने माझ्याकडे पाहिले. बोलली काहीच नाही. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला खेड्यातला मास्तर. विद्यापीठाला जाब विचारण्याचा मला अधिकार तो काय? पण आईची ती नजर मला स्वस्थ बसू देईना, म्हणून विचारतो.

दोष पोराचा नाही. कारिट हा काकडी-खरबुजाच्या कुळातला रानवेल. 'पिकांचे रानटी सगेसोयरे' हा परिच्छेद त्याला तोंडपाठ होता. सगेसोयरे पाठ, पण सोयरा बांधावर आडवा पडला असता तरी हा ओलांडून गेला असता! अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर त्याने चार पाने लिहिली होती. आमच्या शिवारातल्या चार गवतांची नावे मात्र त्याला कोणी विचारलीच नव्हती.

बरे, विषय शिकवतच नाहीत अशीही ओरड करायला जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात क्षेत्रभेटही होती. पण न्यायालयाची आज्ञा वर्गापर्यंत येता येता तिचे गाइड झाले आणि क्षेत्रभेटीची सहल झाली. प्रकल्पाच्या वह्या तर एका हातातून दुसऱ्या हातात वर्षानुवर्षे फिरत राहिल्या. निसर्गातली विविधता टिकवण्याचा धडा सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवावा, याहून मोठा विनोद कोणता?

यात माझीही चूक आहे, ती लपवीत नाही. काही वर्षांपूर्वी शाळेच्या पोरांना घेऊन गावाच्या माळावर मी वाजतगाजत वृक्षारोपण केले. खड्डे खणले, सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावले, फोटो काढून घेतले. मला वाटे, माळ म्हणजे पडीक जमीन. झाड लावले की पुण्य. एक म्हातारा धनगर तेवढा म्हणाला, "मास्तर, गवत मारलंत." मी हसलो. पुढे कळले की खुरटे गवताळ रान हीच चंडोलाची, धाविकाची, लांडग्याची घरे. माळढोक तर उघड्या माळाचाच पक्षी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि आमचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, अशा दोन जिल्ह्यांत अभयारण्य केले; आज तिथे तो दिसला तर नवल करावे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचे. अशा जिल्ह्यात मी माळाला पडीक म्हणत होतो! मला कोणी शिकवले नव्हते, हे खरे. पण ज्यांना शिकवले, तेही माळाला पडीकच म्हणतात, त्याचे काय?

आता दोन प्रकारची मंडळी माझ्यावर धावून येतील. पहिली म्हणतील, "अहो, राहीबाई पोपेरे कुठे कॉलेजात गेल्या होत्या?" अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाईंनी शाळेची पायरी चढली नाही. वाल, घेवडा, भात, नाचणी यांची गावठी बियाणी त्यांनी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण त्यांचे नाव घेऊन शिक्षणालाच मोडीत काढणे हा आळशांचा युक्तिवाद आहे. राहीबाईंच्या बियाणे-बँकेमागे बायफ संस्थेच्या जाणत्या कार्यकर्त्यांचे हात होते. बी आजीने राखावे आणि त्याची पारख, नोंद, पैदास शिकलेल्या नातवाने करावी. दोघांपैकी एकाला वगळून चालायचे नाही.

दुसरी मंडळी व्यवहारी. ती म्हणतील, "हा विषय घेऊन पोटाला काय मिळणार?" प्रश्न खरा आहे, पोरांच्या आईबापांना मी तो हसण्यावारी नेऊ देणार नाही. पण काम नाही असे कोण म्हणतो? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि गावाच्या जैवविविधतेची नोंदवही सांगितली आहे. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी या नोंदवहीची कल्पना लोकांच्या ज्ञानावर उभी केली होती. २०१९ साली हरित न्यायाधिकरणाने मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा देशभर धावपळ झाली. धावपळीत वह्या भरतात; गाव त्यात उतरतेच असे नाही. आणि वही एकदा लिहून भागतही नाही. ती वेळोवेळी तपासावी लागते. हे काम जाणत्या पदवीधराने करायचे नाही तर कोणी? त्याला त्याचा मेहनताना द्या, म्हणजे पोटाचा प्रश्नही थोडा हलेल.

माझे मागणे एवढेच आहे. या विषयाची निम्मी परीक्षा गावात घ्या. विद्यार्थ्याने आपल्याच गावच्या एका ओढ्याची, एका माळाची किंवा देवराईची तीन वर्षे नोंद ठेवावी. काय उगवले, काय नाहीसे झाले, कशाने झाले, ते लिहावे. आणि परीक्षकांत एक खुर्ची विद्यापीठाच्या प्राध्यापकाची असेल, तर शेजारी एक घोंगडी त्या म्हाताऱ्या धनगराचीही असू द्या.

राहता राहिले कारिट. आई स्वतः काठी टेकीत निघाली. मागून आम्ही दोघे. आमच्या बांधावर मी तणनाशक मारवले होते. तिथे काहीच नव्हते. तीन शेते ओलांडल्यावर एका कडेला पिवळट पडलेला वेल सापडला. त्याला पाच फळे होती. आईने तीन तोडली, दोन ठेवली.

"दोन कशाला ठेवली, आजी?" पुतण्याने विचारले.

"पुढच्या दिवाळीला नकोत का?"

संवर्धनाची इतकी नेमकी व्याख्या पुतण्याच्या पुस्तकात मला सापडली नाही. पुतण्याने मात्र ती खिशातल्या वहीत उतरून घेतली, आणि मनात आले, पोराची पदवी आज सुरू झाली.