नाव आणि भय

दिनांक २ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. शालिवाहन शके १९४४ चा तो आरंभ. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात दिवेलागण झाली होती. तोच आकाशातून जळत्या ज्योतींची एक रांग सरकताना दिसली. महाराष्ट्रातील आणि मध्य प्रदेशातील अनेक गावांतून लोकांनी ती पाहिली. त्या रात्री लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे आढळले. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. जवळच्या पवनपार गावाच्या परिसरात धातूचा एक गोळाही सापडला.

वर्षाच्या पहिल्याच दिवशी आकाशातून असे काही पडले, तर त्यात शकुन किंवा अपशकुन शोधण्याचा मोह कोणालाही होईल. कित्येकांना तो उल्कापात वाटला. परंतु गावकऱ्यांनी ही गोष्ट प्रशासनाला कळविली. पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते अवशेष तपासले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या एका अग्निबाणाचा तो भाग असावा, असे अभ्यासकांनी त्याच्या कक्षेवरून ठरविले. ज्याला कोणी दैवी संकेत म्हटले असते, ते माणसाच्याच कारखान्यात घडलेले कडे निघाले!

या घटनेपासून घेण्यासारखा बोध असा, की आकाशातील वस्तूला नाव देणारा माणूस असतो. तिच्याभोवती कथा गुंफणाराही माणूसच असतो. ते नाव आणि ती कथा वस्तूच्या अंगी नसते. ती आपल्या मनात असते.

कथा गुंफणे हे काही वाईट नव्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशांत राहणाऱ्या गोंड समाजाने आकाशाचे वाचन स्वतःच्या दृष्टीने केले आहे. पुराणे ज्यांना सप्तर्षी म्हणतात, त्यांपैकी चार ताऱ्यांत गोंड लोकांना एका म्हातारीची खाट दिसते, आणि उरलेले तीन तारे म्हणजे ती खाट पळवू पाहणारे चोर! तेच सात तारे युरोपातील लोकांना अस्वलाच्या रूपात दिसले. ऋषी, खाट आणि अस्वल यांपैकी खरे कोणते? तारे तर तेच आहेत. ज्याने त्याने आपल्या अंगणातले जीवन आकाशात पाहिले, एवढेच.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची कथाही अशीच आहे. लोणासुर नावाचा दैत्य तेथे राहत असे आणि विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला, असे लोक सांगत आले आहेत. तेथे दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिरही आहे. शास्त्रज्ञांनी त्याच विवरातील खडक तपासले. प्रचंड आघातामुळे खनिजांत जे बदल होतात, ते त्यांना तेथे आढळले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आकाशातून आदळलेल्या पाषाणाने निर्माण केले आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. कथेमुळे मंदिर उभे राहिले, परीक्षणामुळे कारण कळले. दोहोंचे काम निराळे आहे आणि ते निराळेच ठेवले पाहिजे.

सूर्याभोवती असे असंख्य लहानमोठे पाषाण फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यांपैकी काहींचा मार्ग पृथ्वीच्या मार्गाजवळून जातो. आपल्या ज्योतिषातील नवग्रहांत लघुग्रहांना स्थान नाही, कारण त्यांतील पहिला ‘सेरेस’ सापडला तोच मुळी १ जानेवारी १८०१ रोजी. पुढे पाश्चात्त्य देशांतील काही ज्योतिषांनी लघुग्रहांचीही फले सांगण्यास प्रारंभ केला. ती फले त्यांनी कशावरून काढली? बहुतेक नावावरून! सेरेस ही रोमन लोकांची धान्यदेवता. म्हणून तो लघुग्रह अन्नाचा आणि पालनपोषणाचा ठरला. संशोधकाने दुसरे नाव ठेवले असते, तर फलही दुसरे झाले असते. हे भविष्य पाषाणाचे म्हणावे की शब्दकोशाचे?

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘अपोफिस’ हा लघुग्रह. जून २००४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका वेधशाळेतून तो प्रथम दिसला. त्याची रुंदी सुमारे ३५० मीटर आहे. प्राचीन इजिप्तच्या कथांत सूर्यदेवाला गिळू पाहणारा अंधाराचा एक महासर्प आहे. त्याचे हे नाव. संशोधकांना आवडणाऱ्या एका दूरचित्रवाणी मालिकेतील खलनायकाचेही हेच नाव होते. नाव असे सहज पडले, परंतु ते ऐकताच प्रलयाची भाकिते करणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले.

आता दुसरा एक लघुग्रह पाहावा. तो १९८६ साली कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत सापडला. त्याचे नाव ‘विष्णू’. एक संहारकाचा, दुसरा जगत्पालकाचा. म्हणजे एकाचे भय बाळगावे आणि दुसऱ्याच्या भरवशावर निश्चिंत राहावे काय? मुळीच नाही. शास्त्रज्ञांनी दोघांनाही एकाच यादीत घातले आहे. पृथ्वीजवळून जाणारे आणि म्हणून सतत लक्ष ठेवण्याजोगे पाषाण, अशी ती यादी आहे. विष्णू या नावाने तो पाषाण दयाळू होत नाही आणि अपोफिस या नावाने दुसरा दुष्ट होत नाही.

अपोफिसचे भय अगदीच निराधार होते, असेही नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये, हाताशी निरीक्षणे थोडी असताना, १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता शेकडा २.७ इतकी निघाली होती. परंतु शास्त्रज्ञ तेथे थांबले नाहीत. त्यांनी जुनी छायाचित्रे शोधली, नवे वेध घेतले आणि गणित पुनःपुन्हा तपासले. त्या दिवशीचा धोका नाही, हे त्याच महिन्यात स्पष्ट झाले. पुढे २०२१ साली रडारने केलेल्या मोजमापानंतर निदान शंभर वर्षे तरी त्याचे भय नाही, असे त्यांनी जाहीर केले. २०२९ मध्ये तो पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटर अंतरावरून निघून जाईल.

१३ एप्रिल २०२९ रोजी शुक्रवार आहे. तेरा तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्य देशांत अशुभ मानतात. गंमत अशी, की अपोफिस सर्वांत जवळ येईल तेव्हा भारतात १४ एप्रिलची पहाट होत असेल, आणि वार असेल शनिवार. चंद्रपूरच्या घराघरांत तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची तयारी चाललेली असेल. एकच क्षण एका देशात अशुभ आणि दुसऱ्या देशात उत्सवाचा! आकाशाला यातले काहीच ठाऊक नसते.

काहींना वाटेल, भय दूर केले की माणूस बेफिकीर होईल. वस्तुतः उलट घडते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर एक उल्का फुटली आणि तिच्या धक्क्याने उडालेल्या काचांनी शेकडो लोक जखमी झाले. संकट खरे असू शकते, म्हणूनच त्याचे मोजमाप हवे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने एक यान ‘डायमॉर्फस’ या लहानशा पाषाणावर मुद्दाम आदळविले आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ सुमारे अर्ध्या तासाने कमी केला. अपशकुन मानून बसणाऱ्याला असे काही सुचले असते काय? जो मोजतो, तोच उपाय शोधतो.

अपोफिस जवळ येईल तेव्हा अफवा उठतील. प्रलय सांगणारे भेटतील, शांती करण्यासाठी पैसे मागणारेही भेटतील. आज शाळेत असणारी मुले तोवर मोठी झालेली असतील. वनांतल्या लहान गावांत घाबरलेली माणसे त्यांच्याकडेच पाहतील. त्या वेळी त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी मोजले? केव्हा मोजले? कसे मोजले? ज्याच्यापाशी उत्तर नसेल, त्याच्या हाती एक पैसाही देऊ नये. आणि मग घरातल्या म्हातारीला अंगणात बसवून खाटेची आणि तीन चोरांची गोष्ट अवश्य सांगायला लावावी. गोष्ट ऐकावी ती आनंदासाठी. निर्णय मात्र मोजमापावर करावा.