नदीकाठचा वाळुंज
पवना, मुळा आणि इंद्रायणी यांच्या काठचा वाळुंज अनेकांना आडनाव म्हणून पूर्ण परिचित असला, तरी वृक्ष म्हणून तो बहुतेकांच्या दृष्टीआडच राहिला आहे. काश्मिरी माणूस ज्यास वीर म्हणतो आणि ज्याच्या काष्ठापासून क्रिकेटच्या बॅटी घडतात, त्या विलोचा हा सगोत्र. मात्र त्याला शीत हवा लागते, तर याला दख्खनचा उन्हाळा मानवतो, पायाशी ओल तेवढी असावी. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने याची नोंद ‘सॅलिक्स टेट्रास्पर्मा’ अशी केली. नर आणि मादी झाडे निराळी. भाल्याच्या आकाराचे पान पालथे करावे, तर खालची बाजू रुपेरी दिसते. फळ उकलताच कापसासारख्या तंतूंचे बी वाऱ्यावर निघते. परंतु ते अल्पायुषी असल्याने ओला गाळ त्वरित न लाभल्यास वाया जाते, म्हणूनच काठावर सिमेंट ओतणे म्हणजे वाळुंजाचा वंशच खुंटविणे होय. पुण्यातील राम नदी आणि मुळा यांच्या संगमाजवळ तो अद्याप तग धरून आहे. तेथील प्रत्येक झाडाची रीतसर गणती होऊन सरकारी दफ्तरात ते ‘वाळुंज’ याच नावाने दाखल व्हावे, आणि तेही काठाच्या सिमेंटच्या कामाला हात लागण्यापूर्वी.