दुखरे अंग आणि बर्फाचे पिंप

सैन्यभरतीच्या तयारीत असलेला आमचा एक माजी विद्यार्थी परवा दंडबैठका आटोपून थेट बर्फाच्या पाण्याने भरलेल्या पिंपात बसलेला आम्ही पाहिला. ओठ निळे पडलेले, तरी मुद्रेवर विजयाचा आनंद!

बर्फस्नानाने दुखरे अंग हलके होते, हे खरे. लागोपाठ सामने खेळणाऱ्यास त्याचा उपयोगही होतो. परंतु बळ कमवावयाचे असेल तर? २०१५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२ आठवडे वजनांचा व्यायाम करणाऱ्यांपैकी काहींना व्यायामानंतर १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे बसविले. इतरांनी तेवढा वेळ संथपणे सायकल चालविली. शीतस्नान करणाऱ्यांचे स्नायू व बळ कमी वाढले. श्रमानंतर शरीर स्नायूंची जी डागडुजी करते तीतूनच बळ येते. गारवा तिलाच आवर घालतो.

दुखापतीवर बर्फाचा उपचार १९७८ साली रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनीही २०१४ मध्ये आपले मत बदलले. आम्हीही वर्षानुवर्षे मुलांच्या प्रत्येक मुरगळीवर बर्फच चोळत आलो. तेव्हा चूक कबूल करण्याची पाळी आमचीही आहे.

त्या मुलास आम्ही एवढेच म्हणालो, “बाळ, अंग दुखते ते कामास लागले म्हणून. त्याला काम करू दे.”