दाढ दुखतेय, पण बाळ अंगावर पितेय!

मैत्रिणींनो, ‘एका बाळंतपणाला एक दात जायचाच’ हे वाक्य तुम्ही माहेरी नाही तर सासरी एकदा तरी ऐकले असेल. मीही ऐकले होते. पण यंदा आमच्या घरात त्या वाक्यापायी जे झाले, ते पाहून आज या सदरात लोणची-मुरंबे बाजूला ठेवते आहे.

माझी धाकटी जाऊ बाळंत होऊन चार महिने झाले होते. गार पाणी लागले की तिच्या खालच्या दाढेतून कळ निघे. दाताच्या डॉक्टरांकडे जाते म्हणाली, तर घरातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, “अगं, बाळ अंगावर पितंय ना? सुई नको नि गोळ्याही नकोत, सगळं दुधात उतरतं. वर्षभर दम धर.” सांगण्यात माया होती, म्हणून तीही गप्प बसली. लवंग दाढेखाली धरून दिवस काढले. एके दिवशी सकाळी उठली तो गाल टम्म सुजलेला, अंगात ताप, तोंड उघडेना. तीन दिवस पेजेवर होती. ज्या दुधासाठी एवढे सोसले, तेच दूध कमी पडू लागले आणि बाळ रडून घर डोक्यावर घेऊ लागले.

डॉक्टरांनी पू काढला, औषध सुरू केले, पुढे रूट कॅनाल करायचे ठरले. जावेने भीत भीत विचारले, “आता बाळाला कधी घेऊ?” डॉक्टर म्हणाले, “घरी जाऊन लगेच. आणि आधी आला असतात तर दाढेत नुसतं सिमेंट भरून भागलं असतं.”

आता त्या ‘एका दाता’बद्दल. दुधासाठी लागणारे कॅल्शियम दातांतून निघत नाही. आहारात ते कमी पडले तर शरीर हाडांतून थोडे उसने घेते, आणि बाळ अंगावरचे तुटल्यावर काही महिन्यांत ती तूट भरूनही निघते. दात मात्र असे उसने देत नाहीत. म्हणून दूध, ताक, नाचणीचे सत्त्व, तीळ, पालेभाज्या जरूर घ्या, पण तेवढ्याने किडलेली दाढ बरी होईल असे समजू नका.

मग दात का बिघडतात? आपल्या खुराकाकडेच पाहा ना. डिंकाचा लाडू, आळिवाची खीर, शिरा, सगळे गोड आणि दातांना चिकटणारे. त्यातून रात्री दोनला बाळ उठले की आपल्यालाही भूक लागते. डब्यातला लाडू तोंडात टाकायचा, वर साखरेचे दूध प्यायचे आणि तशीच पाठ टेकायची. झोपेत तोंडात लाळ कमी सुटते, मग तो गोडवा सकाळपर्यंत दातांवर बसून राहतो. लाडू सोडा असे मी मुळीच म्हणणार नाही! तो जेवणाबरोबर खा. रात्री भूक लागलीच तर मूठभर शेंगदाणे किंवा बिनसाखरेचे दूध बरे, आणि वर दोन घोट पाणी प्या. पाजताना तहान लागतेच, तांब्या जवळ असू द्या.

ब्रशला वेळ मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश तेवढा चुकवू नका. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटे. साडेनवाला जमले नाही तर बाळ झोपेल तेव्हा करा. हिरड्यांतून रक्त येते म्हणून कित्येकजणी ब्रशच बंद करतात. बहुधा ते रक्त दातांच्या मुळाशी साचलेल्या घाणीमुळे येत असते. ब्रश सोडला की ती वाढते, तिचे कीटण होते, आणि कीटण मग डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे लागते. त्यानेही दूध बिघडत नाही.

आणि मशेरी! ‘मी कुठं तंबाखू खाते, नुसती दातांना लावते’ असे सांगणाऱ्या शहरातही आहेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटिन दुधातून बाळाच्या पोटात जाते. सुईला भ्यायचे आणि मशेरी मात्र चालवून घ्यायची, हे कसले शहाणपण?

दवाखान्यात पाय ठेवताच ‘मी बाळाला पाजते’ हे आधी सांगा. दाढ बधिर करण्याचे नेहमीचे इंजेक्शन दुधात अगदी नाममात्र उतरते, पाजणे थांबवावे लागत नाही. दातांच्या एक्स-रेने दुधाला काही होत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चालते. अ‍ॅस्पिरिन आणि कोडीन असलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नका, घरात कोणाच्या उरलेल्या असल्या तरी. अँटिबायोटिकही डॉक्टर देतील तेच आणि सांगतील तितके दिवस. निघण्याआधी बाळाला पाजून घ्या, म्हणजे खुर्चीत जीव टांगणीला लागत नाही. गाल सुजला, ताप आला, गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी जा.

एक बाळाच्या बाजूचे. उष्टावण झाले की भात निवला का ते आपण त्याच्याच चमच्याने चाखून पाहतो. आपल्या तोंडातले दात किडवणारे जंतू त्या चमच्यावरून बाळाकडे जातात. चाखायला आपला वेगळा चमचा ठेवा.

जावेच्या दाढेवर मागच्या गुरुवारी कॅप बसली. तासभर बाळ माझ्या मांडीवर होते, दवाखान्याच्या बाकावर. ती बाहेर आली ती अर्धा ओठ बधिर, बोलणे बोबडे, आणि पहिला प्रश्न, “रडला का गं?” रिक्षात बसल्या बसल्या तिने त्याला पदराखाली घेतले.