विश्लेषण : क्रूझच्या केबिनला आवाजाची मर्यादा का नाही? शांत केबिन निवडायची कशी?

क्रूझचे तिकीट काढताना संकेतस्थळ बरेच काही विचारते. खिडकी हवी की बाल्कनी? कोणता डेक? जेवणाची वेळ कोणती? दृश्यासाठी वेगळे पैसे, बाल्कनीसाठी त्याहून जास्त पैसे. मात्र रात्री त्या खोलीत झोप लागेल का, डोक्यावर स्विमिंग पूल आहे की पायाखाली नाट्यगृह, याबद्दल तिथे अवाक्षर नसते. आईवडिलांना हौसेने क्रूझवर पाठवणाऱ्या मुलांना किंवा वर्षभर पैसे साठवून जाणाऱ्या कुटुंबाला ते कळते ते थेट पहिल्या रात्री. केबिनमधील आवाज हा नशिबाचा भाग मानला जातो. प्रत्यक्षात त्यातला बराचसा आवाज आधी ओळखता येतो, मोजताही येतो. तो प्रवाशाला सांगितला जात नाही, ही खरी अडचण आहे.

केबिनमध्ये आवाज येतो कुठून?

ढोबळमानाने चार ठिकाणांहून. पहिले ठिकाण म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर. बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांवर डिझेल इंजिने वीज तयार करतात आणि त्या विजेवर मोटारी प्रोपेलर फिरवतात. प्रोपेलरची पाती पाण्यात वेगाने फिरताना पात्यांवरचा दाब काही जागी इतका घटतो की तिथे बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. त्यांचे धक्के वरच्या पोलादी तळाला बसतात. म्हणून जहाजाच्या मागच्या टोकाला, खालच्या डेकवर असलेल्या केबिनमध्ये घुमणारा आवाज आणि थरथर जास्त जाणवते.

दुसरे ठिकाण म्हणजे थ्रस्टर. जहाज धक्क्याला लावताना ते आडवे सरकवावे लागते. त्यासाठी पुढच्या भागात, पाण्याखाली, एका आरपार बोगद्यात पंखे बसवलेले असतात. पर्यटकांना दिवसभर फिरता यावे म्हणून जहाज सहसा सकाळी लवकर बंदराला लागते. त्यामुळे पुढच्या, खालच्या केबिनमधील प्रवाशांची झोप पहाटेच मोडते. जहाज बंदराबाहेर थांबणार असेल तर नांगराच्या साखळीचा खडखडाट त्यात भर घालतो.

तिसरे ठिकाण म्हणजे माणसे आणि त्यांची कामे. वर पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, वर स्वयंपाकघर असेल तर ट्रॉलीची चाके ऐकू येतात. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत ढोलाचा ठोका जाणवतो. लिफ्टसमोरच्या गप्पा, शेजारच्या व्हॅक्यूम शौचालयाचा ‘फस्स’ आवाज, धाडकन मिटणारे दरवाजे हेही आलेच.

चौथे ठिकाण म्हणजे केबिन स्वतः. आधुनिक जहाजांतील बहुतेक केबिन कारखान्यात तयार करून खोक्यासारख्या जहाजात सरकवल्या जातात. लाटांवर जहाज किंचित वाकते, पिळवटते. तेव्हा भिंतीचे आणि छताचे पत्रे एकमेकांवर घासून कुरकुरतात.

दूरचा आवाज इतका स्पष्ट का ऐकू येतो?

कारण आवाज फक्त हवेतून येत नाही. घरी शेजारचा टीव्ही मोठा लागला की आपण खिडकी लावतो आणि आवाज कमी होतो, कारण तो हवेतून आलेला असतो. पण वरच्या मजल्यावर खलबत्ता सुरू असेल तर खिडकी लावून उपयोग होत नाही, कारण तो आवाज स्लॅबमधून उतरतो. जहाजात दुसरा प्रकार जास्त त्रास देतो. सगळा सांगाडा पोलादाचा, एकमेकांना वेल्डिंगने जोडलेला. त्यातून कंपन फार कमी घटत दूरवर जाते आणि केबिनचे पत्रे ते पुन्हा आवाजात बदलतात. म्हणून इंजिने रबरी किंवा स्प्रिंगच्या आधारांवर बसवतात, केबिनच्या भिंतींत खनिज लोकर भरतात. उपाय ज्ञात आहेत. मात्र त्यांना वजन, जागा आणि पैसा लागतो.

मग नियम काय सांगतात?

इथे बहुतेकांना आश्चर्य वाटेल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने (आयएमओ) २०१२ मध्ये जहाजांवरील आवाजासाठी संहिता स्वीकारली आणि १ जुलै २०१४ पासून ती ‘सोलास’ करारान्वये बंधनकारक झाली. ती १,६०० टन सकल टनेज आणि त्याहून मोठ्या नव्या जहाजांना लागू आहे. १०,००० टनांपासून पुढच्या जहाजांवर झोपण्याच्या केबिनमध्ये आवाज ५५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, त्याहून लहान जहाजांवर ६० डेसिबलच्या. दोन केबिनमधली भिंत किती आवाज अडवेल, केबिन आणि करमणुकीच्या जागेमधली भिंत किती अडवेल, याचेही आकडे त्यात आहेत. मोजणीचा अहवाल जहाजावर ठेवणे आणि तो कर्मचाऱ्यांना पाहता येणे सक्तीचे आहे.

पण हे सारे खलाशी आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे. प्रवाशांच्या केबिन आणि प्रवाशांच्या इतर जागा, त्या कुणाच्या कामाची जागा असल्याखेरीज, आपल्या कक्षेत येत नाहीत असे संहितेतच नमूद आहे. यामागे तर्क आहे. खलाशी महिनोन्‌महिने जहाजावर राहतो. त्याची झोप आणि श्रवणशक्ती यांवर सगळ्यांची सुरक्षितता अवलंबून असते. गोव्यातील आणि कोकणातील अनेक घरांतली मुले क्रूझ जहाजांवर काम करतात. त्यांच्यासाठी हा नियम मोलाचा आहे आणि त्यात काही कमी व्हावे असे कुणीही म्हणणार नाही.

प्रवाशाच्या बाबतीत मात्र विचित्र स्थिती आहे. धोक्याचा इशारा केबिनमध्ये झोपलेल्या माणसाच्या कानापर्यंत किमान ७५ डेसिबलने आणि नेहमीच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबल जास्त पोहोचला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे केबिनमध्ये आवाज कमीत कमी किती हवा, हे ठरलेले आहे. जास्तीत जास्त किती चालेल, हे आयएमओच्या त्या संहितेने प्रवाशासाठी ठरवलेले नाही.

५५ डेसिबल म्हणजे किती?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहासाठी सरासरी ३० डेसिबलची शिफारस केली आहे. भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि तीही घराबाहेरच्या आवाजाची. डेसिबलची पट्टी सरळ नसते. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. त्या हिशेबाने ५५ डेसिबलची खोली ३० डेसिबलच्या खोलीपेक्षा पाचपटीहून अधिक गोंगाटाची वाटेल. म्हणजे खलाशांसाठीची मर्यादा जशीच्या तशी प्रवाशांना लावली, तरी ती काही शांत झोपेची हमी ठरणार नाही.

नवी जहाजे शांत असतात का?

बहुतांशी हो. १९९८ मध्ये ‘इलेशन’ हे जहाज आले. मोटार आणि प्रोपेलर जहाजाच्या पोटाबाहेर एका फिरत्या कुपीत बसवणारे हे पहिले क्रूझ जहाज. या रचनेत पोटातून जाणारा लांब दांडा उरत नाही आणि प्रोपेलर तुलनेने शांत पाण्यात फिरतो. शिवाय डीएनव्ही, लॉइड्स रजिस्टर, ब्युरो व्हेरिटास या वर्गीकरण संस्था आरामदायीपणाचा वेगळा दर्जा देतात. त्यासाठी प्रवासी केबिनमध्येही आवाज आणि कंपन मोजले जाते. पण हा दर्जा ऐच्छिक आहे. म्हणजे ज्या जहाजांनी तो घेतला आहे, तिथे मोजणी झालेली आहे, आकडेही आहेत. ते तिकिटाच्या पानापर्यंत पोहोचत नाहीत, इतकेच.

शिवाय जहाजे दीर्घायुषी असतात. मुंबईहून सुटणारे ‘कॉर्डेलिया’चे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० चे आहे. जुने म्हणजे गोंगाटाचेच असे समीकरण नसते, देखभालीवर आणि केबिनच्या जागेवर बरेच अवलंबून असते. पण २०१४ ची संहिता आधीच्या जहाजांना त्याच रूपात लागू होत नाही, हे ग्राहकाला माहीत असायला हवे.

केबिन निवडताना काय पाहावे?

कंपन्या प्रत्येक डेकचा नकाशा संकेतस्थळावर देतात. बहुतेक लोक फक्त आपल्या डेकचा नकाशा पाहतात. पाहायचे असतात तीन : आपला, वरचा आणि खालचा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर ती जागा सर्वांत सुरक्षित. वर पूल, बुफे किंवा धावण्याची पट्टी नको. खाली नाट्यगृह, डिस्को, कॅसिनो नको. नकाशात काहीही न लिहिलेली कोरी जागा दिसली तर ती बहुधा कर्मचाऱ्यांची असते. तिथे पँट्री, सामानाची लिफ्ट किंवा ट्रॉलींची वाट असू शकते.

जहाजाच्या लांबीच्या मधला भाग चांगला, पण लिफ्टच्या अगदी समोरची केबिन टाळावी. दोन केबिनमध्ये आतून दार असेल तर नकाशात छोटी खूण असते. अशा दारातून शेजारचे बोलणे सहज ऐकू येते. सोबत मोठे कुटुंब नसेल तर ती केबिन घेऊ नये. स्वस्तातल्या ‘गॅरंटी’ तिकिटात केबिनचा प्रकार पक्का असतो, क्रमांक कंपनी ठरवते. झोप सावध असणाऱ्यांनी ही सवलत न घेतलेली बरी.

जहाजावर चढल्यावर आवाज आला तर?

आधी आवाज ओळखावा. हँगर, ड्रॉवर, टेबलावरचा ग्लास यांचा खडखडाट असेल तर हँगर काढून ठेवावेत, फटीत कागदाची घडी किंवा टॉवेल सारावा. छताचा पत्रा कुरकुरत असेल तर रिसेप्शनला सांगावे. दुरुस्ती विभाग तो घट्ट करून देऊ शकतो. शेजारच्या गप्पा आणि दारांचे आवाज व्हाइट नॉइज अ‍ॅपच्या एकसुरी आवाजात बरेच दबतात. इंजिनाची घुमघुम त्याने किंवा इअरप्लगने तितकी कमी होत नाही, कारण ती खालच्या पट्टीतली असते आणि पलंगातूनही येते. उशी भिंतीला टेकवली नाही तर थोडा फरक पडतो.

इअरप्लग घालायचे असतील तर केबिनमधल्या किमान एका मोठ्या माणसाने ते घालू नयेत. इशाऱ्याचा भोंगा ऐकू येणे झोपेपेक्षा महत्त्वाचे आहे.

तक्रार पहिल्याच दिवशी करावी. ऐन वेळी न आलेल्यांच्या रिकाम्या केबिन तेव्हाच हाती असतात. वेळ, आवाजाचा प्रकार आणि फोनवरचे रेकॉर्डिंग सोबत असावे. फोनमधील डेसिबल अ‍ॅप अचूक नसते, पण आपली केबिन आणि कॉरिडॉर यांतला फरक दाखवायला पुरते.

कंपन्यांनी काय करायला हवे?

जहाज म्हणजे तरंगता कारखाना, तिथे शांततेची हमी कोण देणार, असा युक्तिवाद होतो. तो रास्त आहे. पण मागणी हमीची नाही, माहितीची आहे. बाल्कनीसमोर लाइफबोट येत असेल तर अनेक कंपन्या ‘दृश्यात अडथळा’ असे आधीच लिहितात आणि ती केबिन स्वस्तात देतात. डोळ्यांना होणाऱ्या अडथळ्याची नोंद करता येते, तर कानांना होणाऱ्या अडथळ्याचीही करता येईल. ‘वर पूल’, ‘खाली नाट्यगृह’, ‘थ्रस्टरजवळ’ एवढे एक-दोन शब्दांचे शेरे पुरेसे आहेत. रेल्वेत शौचालयाजवळचा बर्थ कोणता, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, कारण ती गाडी आपण शंभरदा पाहिलेली असते. क्रूझवर पहिल्यांदा जाणाऱ्याकडे तो अनुभव नसतो.

हे आताच बोलायला हवे, कारण बाजार वाढतो आहे. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. टर्मिनल आणि धक्क्यांची चर्चा भरपूर होते, ग्राहकाच्या हक्कांची फारशी होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सेवेचा दर्जा काय आहे हे जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला देतो. झोपायची खोली विकताना तिथल्या आवाजाची माहिती देणे हा त्या हक्काचाच भाग मानला पाहिजे. भारतात तिकिटे विकणाऱ्या कंपन्यांना केबिनच्या जागेचे शेरे बंधनकारक करायला नव्या जहाजाची गरज नाही आणि मोठा खर्चही नाही.

तोपर्यंत एक काम प्रत्येकाला करता येईल. पैसे भरण्याआधी एजंटला केबिनचा क्रमांक मागा, वर आणि खाली काय आहे ते विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. उत्तर मिळाले नाही, तर दुसरी केबिन किंवा दुसरा एजंट पाहा.