बंदूक कुणाच्या नावाने, कुणाच्या हातात?

यंदाच्या 8 मार्चला वडखळला आमच्या भागातल्या बायकांचा मेळावा झाला. समारोपाला बोलावलेले पाहुणे जोरात बोलले. "मेणबत्त्या पुरे झाल्या, ताईंनो! सरकारने प्रत्येक बाईला बंदुकीचा परवाना द्यावा. अमेरिकेत घराघरात रायफल आहे. तिथल्या बाईला हात लावायची कुणाची हिंमत आहे?" टाळ्या पडल्या. खोटे कशाला बोलू, दोन टाळ्या मीही वाजवल्या.

परतताना मिनीडोरमध्ये शेजारी बसलेली बाई गप्प होती. ती पेणच्या डोंगराकडच्या गावातली. तिच्या घरी बारा बोरची बंदूक आहे. डुकरे शेत उकरतात म्हणून सासऱ्यांनी परवाना घेतला होता, आता तो नवऱ्याच्या नावावर आहे. "भांडण झालं की तो बंदूक खाली काढतो नि तेल लावत बसतो," ती म्हणाली. "बोलत काही नाही. मारत पण नाही." निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. तेवढे दिवस तिला झोप लागते. उतरताना ती हसून म्हणाली, "बाराही महिने इलेक्शन पायजे, ताई."

त्या बंदुकीतून माणसावर एकही गोळी सुटलेली नाही. पोलिसांच्या दप्तरी गुन्हा नाही, डॉक्टरकडे जखम नाही. तरी ती बंदूक रोज चालते. आपण ज्याला कौटुंबिक हिंसा म्हणतो, ती याहून वेगळी काय असते?

म्हणून, मैत्रिणींनो, मला त्या टाळ्या परत घ्यायच्या आहेत.

बाईच्या नावाने हत्यार पुढे करण्याची रीत नवी नाही. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या बलात्कारानंतर, जानेवारी 2013 मध्ये, शिवसेनेने मुंबईत बायकांना चाकू वाटले. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सिनेटपुढे एका महिला संस्थेच्या प्रतिनिधीने सांगितले, की घरात एकट्या असलेल्या आईला मोठ्या रायफलीचाच आधार वाटतो. आणि त्याच महिन्यात न्यायमूर्ती वर्मा समितीने आपला अहवाल दिला. त्यात कायदा, पोलीस आणि सरकार यांनी काय बदलायला हवे ते लिहिले होते. पुढच्या वर्षी सरकारी आयुध कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या आमच्या बाईने ते घ्यायचे कशातून? मंगळसूत्र मोडून?

आणि घेतलेच, तर ते रोखायचे कुणावर? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नवरा, दीर, शेजारी, मुकादम. रिव्हॉल्व्हर कपाटात असेल, तर किल्ली कुणाच्या कमरेला असेल हे आपल्याला ठाऊक आहे.

'कुटुंबाच्या रक्षणासाठी' हे शब्द आमच्या रायगडाने फार जवळून ऐकले आहेत. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. पैसे खाऊन वाट मोकळी करून देणारे सरकारी नोकरही त्यात होते. 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मेली. त्याच खटल्यात एका गाजलेल्या नटाला, संजय दत्तला, बेकायदा एके-56 बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली शिक्षा झाली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांची ठरवली. कटाच्या आरोपातून तो सुटला. दंगलीत घरच्यांना धमक्या येत होत्या, म्हणून रायफल घेतली, असे त्याचे म्हणणे होते. भीती खरी असेलही. पण प्रत्येक भेदरलेल्या पुरुषाने घरात रायफल आणायची ठरवली, तर मोहल्ल्यातल्या बायका कुठे जातील?

आता अमेरिकेचा दाखला. तिथे सामान्य नागरिकाला अर्धस्वयंचलित रायफल दुकानात मिळते. चाप ओढला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप नळीत येते. अशा रायफलीने 2022 साली युवाल्डीच्या शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्याच अकरा शहरांत झालेल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की छळ करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. पाहुण्यांनी हे सांगितले नाही.

शेजारच्या कॅनडात 6 डिसेंबर 1989 रोजी माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक तरुण अर्धस्वयंचलित रायफल घेऊन शिरला. ती त्याने दुकानातून कायदेशीरपणे घेतली होती. वर्गातल्या मुली आणि मुलगे त्याने वेगळे केले, मुलींना 'तुम्ही स्त्रीवादी' म्हणाला आणि गोळ्या झाडल्या. त्या दिवशी 14 जणी मेल्या. वाचलेल्या विद्यार्थिनी आणि मृतांचे आईबाप कायद्यासाठी लढले. 1995 साली कायदा झाला, 2012 साली त्यातली लांब बंदुकांची नोंदणी गेली, 2020 साली त्या रायफलीवर बंदी आली. म्हणजे तीस वर्षे लागली! पण तिथे एक गोष्ट झाली. परवान्याच्या अर्जावर जोडीदाराची सही मागतात. सही नसेल, तर अधिकारी तिला कळवतात. परवान्याआधी घरातल्या बाईला विचारले जाते.

काही मैत्रिणी म्हणतील, मग आम्ही पोलिसांच्या भरवशावर राहायचे का? नाही. पोलीस ठाण्यातच अत्याचार झालेल्या मथुरेला आपली चळवळ विसरलेली नाही. रात्री वडखळ नाक्यावर एकटी उभी असलेली बाई घाबरते, तिची भीती मी हसण्यावारी नेत नाही. कराटे शिका, ओरडायला शिका, जमाव करून जा. पण बंदुकांची संख्या वाढली की ताकद वाढते ती आधीच ताकदवान असलेल्यांची. बीडमध्ये सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर 2024 मधल्या खुनानंतर उघड झाले, की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने होते. त्यातले किती ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या हातात होते, हे विचारण्याचीही गरज नाही.

आपल्याकडे अर्धस्वयंचलित रायफली निर्बंधित वर्गात आहेत, तो निर्बंध सैल होता कामा नये. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, हे चांगले झाले. पण परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. पाच वर्षांत घरात काय काय घडते!

म्हणून मागण्या साध्या आहेत. परवाना देताना आणि नूतनीकरणाच्या वेळी घरातल्या बाईचा जबाब एकांतात, महिला पोलिसाने घ्यावा. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार आली की संरक्षण अधिकाऱ्याने घरातल्या हत्याराची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित करण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या कलम 17 मध्ये आहेच, तो वापरावा. आपणही 2005 च्या कायद्याखाली अर्ज लिहिताना 'घरात बंदूक आहे का?' हा प्रश्न विचारू या. मी इतकी वर्षे अर्ज लिहिते आहे, कधीच विचारला नव्हता.

निवडणुकीसाठी बंदुका जमा होऊ शकतात, कारण मतपेटीला जपायचे असते. एका बाईच्या झोपेसाठी का होऊ शकत नाहीत?